‘दुय्यम ट्यूमर’ की ‘दुसरा ट्यूमर’?

मुद्रितशोधक: लहानपणी कॅन्सर होऊन बरे झालेल्यांसाठीची एक माहितीपुस्तिका तपासतोय. त्यातलं वाक्य: ‘बालपणी डोक्यास किरणोपचार घेतलेल्या व्यक्तीस कालांतराने दुय्यम मेंदू-अर्बुद संभवते.’ ‘अर्बुद’ म्हणजे गाठ, त्याचं नंतर पाहू, पण ‘दुय्यम’ खटकतंय. दुय्यम भूमिका, दुय्यम निबंधक... म्हणजे कमी महत्त्वाचं, असं नाही का वाटत?

किरणवाला: बदलाच, पण कारण दुसरं आहे. कॅन्सरच्या वॉर्डात ‘सेकंडरी’ म्हणजे पसरलेला कॅन्सर. ‘फुप्फुसातून मेंदूत सेकंडरी गेलंय’ असं नातेवाईकही बोलतात. ‘दुय्यम’ वाचलं की त्यांना तेच वाटणार. इथे पहिला आजार पसरलेलाही नसतो, परतलेलाही नसतो. ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) बरा झालेला असतो आणि कित्येक वर्षांनी मेंदूत वेगळ्याच पेशींची नवी गाठ येते. तेव्हाच्या किरणांनी आसपासच्या निरोगी पेशींच्या डीएनएला इजा केलेली असते, पहिल्या आजाराशी बहुतेक वेळा नातं तेवढंच. इंग्रजीतही हल्ली ‘नंतरचा ट्यूमर’ अशा अर्थाचा शब्द रुळलाय.

माजघर: मग क्रियापदं वापरा की! आमच्याकडे टायफॉइड ‘उलटतो’. म्हणजे तोच आजार पुन्हा. तोच दुसरीकडे गेला तर ‘पसरला’. आणि हा ‘नव्याने झाला’. तिन्ही शब्द आजीलाही कळतात.

शुद्धलेखनप्रेमी: ‘उलटणे’ बोलीत ठीक. छापल्यावर कोणी म्हणेल औषध उलटून पडलं.

माजघर: संदर्भ नावाची गोष्ट असते हो.

मुद्रितशोधक: ‘नव्याने झालेली गाठ’ आवडलं. पण ‘कालांतराने’ म्हणजे किती? लेखकाने आकडा दिलेला नाही.

किरणवाला: अमेरिका-कॅनडातल्या रुग्णालयांची मोठी पाहणी आहे. १९७० ते १९८६ दरम्यान निदान झालेले आणि त्यानंतर किमान ५ वर्षं जगलेले १४,३६१ जण. २००६ साली छापलेल्या निष्कर्षांत ११६ जणांना मेंदू-मज्जारज्जूची नवी गाठ झालेली होती, म्हणजे शंभरात एकालाही नाही. हे पुस्तिकेत आधी लिहा, नाहीतर लोक घाबरतील. त्यांतले ४० ग्लायोमा (मेंदू-मज्जारज्जूतल्या आधार-पेशींची गाठ), ६६ मेनिन्जिओमा (आवरणाची गाठ). पहिल्या निदानापासूनचा मध्यक काळ (निम्म्यांना त्याआधी, निम्म्यांना त्यानंतर) ग्लायोमाला ९ वर्षं, मेनिन्जिओमाला १७. म्हणजे शाळकरी वयातला पेशंट नोकरीला लागलेला असतो, मोठ्यांच्या डॉक्टरकडे जातो आणि लहानपणची फाइल कपाटात असते.

आणखी एक. मेनिन्जिओमा मेंदूत नसतोच, मेंदूवरच्या आवरणातून उगवतो. बहुतेक वेळा साधी गाठ असते. तिला ‘मेंदूचा कॅन्सर’ म्हणू नका. साधी असली तरी दाब आणते, फिट येऊ शकते, तेव्हा ‘किरकोळ’ही म्हणू नका.

खडूफळा: सरळ ‘किरणजन्य गाठ’ का नको? इस्रायलमध्ये डोक्यातल्या नायट्यासाठी हजारो मुलांना किरण दिले होते. कॅन्सर नव्हताच त्यांना, तरी पुढे मेनिन्जिओमा झाले. तिथे ‘दुसरा’, ‘नंतरचा’ काहीच बसत नाही.

किरणवाला: त्या मुलांसाठी चपखल. पण बरे झालेल्या सगळ्यांना लावता येत नाही. काहींत जन्मतः जनुकीय दोष असतो (न्यूरोफायब्रोमॅटोसिस, ली-फ्रॉमेनी), किरण न घेताही गाठी होतात. एकाच माणसापुरतं ‘किरणांमुळेच झालं’ असं छातीठोक सांगता येत नाही.

आईपण: मी अशा एका मुलीची आई. आमच्या वॉर्डात सगळे ‘शेक’ म्हणायचे. ‘डोक्याला शेक दिला का?’ हेच विचारायचे. पुस्तिकेत ‘किरणोपचार’सोबत ‘शेक’ही असू द्या. आणि बरे झालेल्यांना ‘कर्कविजेता’ म्हणणं नको हो. जिंकलो म्हटलं की तपासणीला कोण जातं? ‘बरे झालेले’ पुरे.

मुद्रितशोधक: ताई, दोन्ही घेतो. ‘अर्बुद’ही काढतो, ‘गाठ (ट्यूमर)’ करतो. आता ‘मणक्याची गाठ’. बरोबर?

किरणवाला: मणका हाड आहे. आतून जातो तो मज्जारज्जू. ‘मज्जारज्जूतली किंवा त्याच्या आवरणावरची गाठ’ लिहा. लांबतं, पण दोन्हींची दुखणी वेगळी. मेड्युलोब्लास्टोमासारख्या आजारात (हा मुलांमध्ये होणारा मेंदूचा कॅन्सर) मेंदूसोबत पूर्ण पाठीलाही शेक द्यावा लागतो, म्हणून तो धोका तिथे येतो. ल्युकेमियात मात्र डोक्याचा शेक २४ ग्रेवरून (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजायचं एकक) १८वर आला आणि आता बहुतेक मुलांना देतच नाहीत. त्याऐवजी पाठीतून सुई घालून मेंदू-मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात औषध सोडतात. पुस्तिकेत हा फरक हवा, नाहीतर आजचे पालक १९७५चा धोका अंगावर घेतील.

मुद्रितशोधक: तर असं करतो: ‘लहानपणी डोक्याला किंवा पाठीला किरणोपचार (शेक) घेतलेल्या काही थोड्या जणांना पुढे मेंदूत, मज्जारज्जूत किंवा त्यांच्या आवरणात नव्याने गाठ होऊ शकते. ही गाठ म्हणजे जुना आजार उलटणे किंवा पसरणे नव्हे.’

शुद्धलेखनप्रेमी: उलटणे ठेवलंतच!

किरणवाला: राहू द्या. खाली एक ओळ जोडा: उपचार कोणत्या वर्षी, कोणत्या भागावर आणि किती ग्रे, हे लिहून घेऊन जपून ठेवा. ‘ग्रे’ला मराठी शब्द काढू नका, फाइलवर तेच लिहिलेलं असतं.