मदत हवी आहे: बॅकवर्ड फेसिंग स्टेपच्या इनलेटला ओमेगा कसा द्यावा?

पुण्यात पीएचडीसाठी सीएफडीचं (संगणकावर प्रवाहाचं गणित सोडवण्याचं) काम सुरू आहे. व्हॅलिडेशनसाठी ड्रायव्हर-सीगमिलरच्या प्रयोगातली (१९८५) बॅकवर्ड फेसिंग स्टेप, म्हणजे प्रवाहाचा तळ अचानक खाली उतरतो ती पायरी, घेतली आहे: पायरीच्या उंचीवर (एच) रेनॉल्ड्स अंक सुमारे ३६,०००, प्रयोगात री-अटॅचमेंट (पायरीवर सुटलेला प्रवाह पुन्हा तळाला चिकटतो ते अंतर) ६.२६ एच. सॉफ्टवेअर ओपनफोम, सॉल्व्हर सिम्पलफोम, टर्ब्युलन्स मॉडेल के-ओमेगा एसएसटी (के म्हणजे टर्ब्युलन्सची गतिज ऊर्जा, ओमेगा म्हणजे तिच्या ऱ्हासाचा विशिष्ट दर).

माझं उत्तर ६.९ एच येतं. मेश (गणनेची जाळी) तीनदा बारीक केली, फरक एक टक्क्याच्या आत. पहिल्या सेलचा वाय-प्लस (भिंतीपासूनचं मितिरहित अंतर) १ च्या खाली, संवहनाच्या स्कीम सेकंड ऑर्डर, रेसिड्युअल्स स्थिर. तेव्हा मेशवर संशय नको. खरी भानगड इनलेटची (प्रवाह आत येतो त्या सीमेची) दिसते: पायरीआधी २० एच लांबी आणि एकसमान वेग दिल्यामुळे बाउंडरी लेयर (भिंतीलगतचा मंदावलेला थर) जेमतेम ०.४ एच होतो, प्रयोगात तो १.५ एच आहे.

लांबी ११० एच केली की प्रश्न मिटतो, ठाऊक आहे. पण हाच इनलेट पुढे त्रिमितीय केसला वापरायचाय आणि हाताशी एकच १६ कोअरचं वर्कस्टेशन. तिथे एवढी लांबी परवडणार नाही. म्हणून सपाट प्लेटचा वेगळा रन करून वेग, के आणि ओमेगाचे प्रोफाइल मॅप केले. वेग आणि के नीट उतरतात. ओमेगा मात्र भिंतीजवळ अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात चढतो, त्यामुळे लिनिअर इंटरपोलेशनमध्ये पहिल्या चार-पाच सेलमध्ये तो भलताच फुगतो.

ओमेगाचा लॉग घेऊन इंटरपोलेट करावं, की व्हिस्कस सबलेयरमध्ये (भिंतीला अगदी चिकटलेल्या थरात) थेट ६ν/(०.०७५ y²) (ν म्हणजे कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी, y म्हणजे भिंतीपासूनचं अंतर) भरून वरच्या भागातच मॅप केलेली मूल्यं ठेवावीत? दुसरं केलं तर जोड कितव्या वाय-प्लसला द्यावा?