मदत हवी आहे : डिप्रेशनच्या गोळ्या आणि प्लासिबो, चार ओळी नीट हव्यात

सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमाग आणि विडी कामगारांसाठी डिप्रेशनच्या औषधांवर एकपानी पत्रक करतोय. प्लासिबोवरच्या, म्हणजे दिसायला तशीच पण औषध नसलेल्या गोळीवरच्या, एका परिच्छेदावर गाडं अडलंय.

"साखरेच्या गोळीनंही तेवढंच बरं वाटतं" असं ऐकून लोक औषध एकदम बंद करतात. मग चक्कर, मळमळ, डोक्यात विजेसारखे झटके. आजारच उलटला, असा घरच्यांचा समज होतो.

ऐकलेलं निव्वळ खोटंही नाही, तीच अडचण. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातल्या २०१८ च्या आढाव्यात ५२२ चाचण्या होत्या. एकूणएक २१ औषधं प्लासिबोपेक्षा सरस ठरली, पण सरासरी फरक लहान. डिप्रेशन किती तीव्र ते मोजणाऱ्या ५२ गुणांच्या हॅमिल्टन मापनावर साधारण दोन गुण. शिवाय चाचणीतला प्लासिबो म्हणजे नुसती गोळी नव्हे. ठरावीक दिवसांनी कुणीतरी झोप, भूक, मनातलं सविस्तर विचारतं. काहींचा आजार आपोआपही ओसरतो. गर्दीच्या ओपीडीत ही विचारपूसच मिळत नाही, आणि माझ्या मते पत्रकात हे यायलाच हवं.

हे चार सोप्या ओळींत कसं मांडाल? "गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी सहा, बंद करायची तर डॉक्टरांना विचारून, डोस हळूहळू उतरवत" एवढं ठळक ठेवलंय. तेलुगूत कुणी करून देईल का? शब्दशः नको, घरात बोलतात तसं. डोस उतरवण्याचा भाग एखाद्या मनोविकारतज्ज्ञानं तपासून द्यावा, ही विनंती. खाली टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ छापतोय.