बॅटलमॅपचं घर : इंचाचं की २५ मिलिमीटरचं?

कोपऱ्यातला डीएम

परवा रविवारी आमच्या डी अँड डीच्या (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलावर खेळायचा काल्पनिक साहसांचा खेळ) टेबलावर एक गॉब्लिन (खुजा राक्षस) बॅटलमॅपवरच्या, म्हणजे लढाईच्या छापील नकाशावरच्या, भिंतीत घुसला. जादूने नाही, प्रिंटरमुळे. दालन पाच घरं (नकाशावर आखलेले चौकोन) रुंद. पाच गॉब्लिन खांद्याला खांदा लावून उभे करायचे होते. चार बसले, पाचव्याचा बेस (बाहुलीखालची चकती) भिंतीच्या रेघेवर चढला. फूटपट्टी लावली तर घर एका इंचाऐवजी, म्हणजे २५.४ मिमीऐवजी, २४.४! मिनींचे (या छोट्या बाहुल्यांचे) बेस २५चे, म्हणजे गॉब्लिनना हवेत १२५ मिमी आणि दालन भरलं १२२. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट देताना 'फिट' तसंच राहिलं होतं, त्यामुळे प्रिंटरने कडेची जागा सोडून अख्खं पान ९६ टक्क्यांवर आणलं.

'अ‍ॅक्च्युअल साइझ' निवडलं असतं तर हे टळलं असतं, मान्य. पण मग कडेच्या घरांना कात्री लागली असती. मूळ दुखणं वेगळंच आहे : इंच आणि ए४ यांची पत्रिकाच जुळत नाही. ए४ म्हणजे २१० बाय २९७ मिमी. इंचाची आठ घरं आडवी घेतली तर २०३.२ होतात, दोन्ही बाजूंना जेमतेम ३.४ मिमी उरतात. तेवढ्या कडेपर्यंत छापणं बऱ्याच घरगुती प्रिंटरना जमत नाही. मग आपण मुकाट्याने सात घरं घेतो आणि कागदाची पट्टी फुकट घालवतो.

घर २५ मिमीचं धरा. आठ घरं बरोब्बर २०० मिमीत, कडेला पाच-पाच मिमी मोकळे. उभी अकरा घरं २७५ मिमीत. २४ बाय २२चा नकाशा इंचाने आठ पानं खातो, २५ मिमीने सहा. म्हणून माझं ठाम मत : छापायचाच नकाशा असेल तर इंच सोडा. आधी कागद बघा, त्यावरून घर ठरवा, मग चित्राला हात लावा. आपण मेट्रिक देशात राहतो, खेळ अमेरिकेतून आला म्हणून त्यांची पट्टीही आणायची का?

खडूचा खजिना

मेट्रिक देश कसला रे? फ्लॅट चौरस फुटांत घेतोस, नळाचा पाइप इंचात आणि टीव्हीही इंचात. गॉब्लिन भिंतीत गेला तेव्हा मीही तिथेच होतो. चूक 'फिट'ची, शिक्षा इंचाला!

नकाशा एकटा नसतो. मी थ्रीडी प्रिंट केलेली दारं, कठडे, पूल सगळे एक इंचाच्या घरावर बेतलेत. २४ घरांत दर घरामागे ०.४ म्हटलं तरी ९.६ मिमीचा फरक पडतो. माझा सहा घरांचा पूल तुझ्या नदीवर ठेवला तर अडीच मिमी पलीकडच्या काठावर चढेल.

दुसरं म्हणजे पिक्सेल. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) इंचाचं घर अगदी ३०० पिक्सेल. तुझं २५ मिमीचं घर येतं २९५.२८. पाव पिक्सेल कुठे ठेवणार? काही रेघा कुरकुरीत, काही धुरकट. मग परत मलाच विचारशील, ग्रिड (घरांची जाळी) असं का दिसतंय म्हणून.

कोपऱ्यातला डीएम

पुलाचं मान्य. पिक्सेलचं अजिबात नाही. घर ३००चंच काढायचं, चित्राला हातच लावायचा नाही. छापण्याआधी जिम्प या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये 'प्रिंट साइझ'मध्ये जाऊन ३०० ऐवजी ३०४.८ टाकायचं. एकही पिक्सेल हलत नाही, फक्त कागदावर घर २५ मिमीचं होतं. आठ घरांचे २४०० पिक्सेल बरोबर २०० मिमीत बसतात.

एडिसनकर

न्यू जर्सीहून लिहितोय. तुमचं भांडण वाचून गंमत वाटली, कारण इकडे ते होऊच शकत नाही. इथला लेटर कागद साडेआठ बाय अकरा इंच. आठ घरं बसवून दोन्ही कडांना पाव पाव इंच उरतो. इंचाचं घर या कागदावर आरामात बसतं, त्यामुळे इथले नकाशे विकणारेही पीडीएफ लेटरवर बेततात. तुम्ही ती ए४वर 'फिट' करून छापता, रुंदी कमी पडते आणि सगळं ९७ टक्क्यांवर येतं. विकतची पीडीएफ असेल तर कागद न बघता सरळ १०० टक्के टाका, कडेचं जातं ते जाऊ द्या.

सुतळी

मी वेगळाच सूर लावतो. ग्रिड हवंच कशाला?

डी अँड डीच्या २०१४च्या पाचव्या आवृत्तीत ग्रिडवर खेळणं हा पर्यायी नियम म्हणून दिलाय. १९७४च्या पहिल्या डी अँड डीमध्ये तर हालचाल नुसती इंचांत मोजायचे, तळघरात एक इंच म्हणजे १० फूट. मी सुतळीला इंचाइंचावर गाठी मारल्यात. एक गाठ म्हणजे पाच फूट. नकाशा स्वच्छ राहतो, दगडांच्या फटा दिसतात, मेहनतीने रंगवलेल्या पाण्यावर तुरुंगाचे गज येत नाहीत. शिवाय ग्रिडवर तिरकं चाललं तरी घरामागे पाचच फूट, हा विनोद टळतो. त्या हिशेबाने आगीचा गोळा चौकोनी होतो!

आणि ज्यांनी ग्रिड चित्रातच भाजून (चित्राचाच भाग करून) ठेवलंय त्यांनी तोच नकाशा ऑनलाइन चढवून बघावा. रोल२० या ऑनलाइन खेळायच्या साइटचं घर ७० पिक्सेलचं. तुमच्या रेघा एकीकडे, त्याच्या दुसरीकडे. डोळे फिरतात.

खडूचा खजिना

सुतळीदादा, तुमच्या टेबलावर सभ्य माणसं असतील. आमच्याकडे सुतळी ताणली की सैल सोडली यावरून दोन आठवडे अबोला होईल. हलके घ्या.

कोपऱ्यातला डीएम

भाजलेल्या ग्रिडबद्दल मात्र सुतळींना +१. ग्रिड कायम चित्राच्या वेगळ्या लेअरवर (थरावर). ऑनलाइनला तो लेअर बंद, छापताना चालू. मी तर हल्ली पूर्ण रेघाही काढत नाही, घरांच्या कोपऱ्यांवर छोटी अधिकाची (+) चिन्हं ठेवतो. मिनी कुठे ठेवायची ते कळतं आणि पाणी पाण्यासारखं दिसतं.

फ्लेक्सभक्त

ए४ जोडत बसणाऱ्यांची मला दया येते. डिंक, सेलोटेप, पानांमधली ती पांढरी फट... फ्लेक्सच्या दुकानात जा. तिथे सगळा हिशेब फुटांत. दोन बाय तीन फूट म्हणजे थेट २४ बाय ३६ घरं, इंचाची. पत्रिका जुळली की नाही? ३०० डीपीआयची गरजही नाही. ३०० ला फाइल ७२०० बाय १०८०० पिक्सेलची होते आणि माझा लॅपटॉप विव्हळतो. १५० ला ३६०० बाय ५४००, टेबलावर उभं राहून बघताना काहीही फरक कळत नाही.

दोन ठेचा खाल्ल्या, त्या सांगतो. पहिली, फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवली. तो आकार घटवतो, दगडांचा चिखल झाला. डॉक्युमेंट म्हणून पाठवायची. दुसरी, दुकानातल्या मुलाने कोरलड्रॉमध्ये चारी बाजूंनी पांढरी बॉर्डर सोडली आणि उरलेल्या जागेत नकाशा ओढून बसवला. घरं आयताकृती! 'दादा, मस्त बसलंय ना?' मी काय बोलणार? तेव्हापासून नकाशाच्या कोपऱ्यात दोन रेघा काढतो, एक आडवी, एक उभी, दोन्ही १० सेंटिमीटरच्या, आणि बाजूला लिहितो 'मोजून १० सेमी भरली पाहिजे'. छापायच्या आधी दुकानातला मुलगा ती पडद्यावर मोजून दाखवतो.

अवांतर : फ्लेक्स ट्यूबलाइटखाली चमकतो. कोपऱ्यातल्या खेळाडूला निम्मा नकाशा दिसत नाही आणि तो दर वेळी त्याचाच फायदा घेतो.

कोपऱ्यातला डीएम

दोन रेघांची युक्ती उचलली. ए४लाही लावतो, दहा पानं छापण्याआधी एकच छापून मोजायचं. फ्लेक्सवर जाईन तेव्हा इंच, कागदावर २५ मिमी. खडू, आता तरी खूश?

खडूचा खजिना

नाही. पूल मी घरीच ठेवतो. रविवारी नदी पोहून जा.