अ‍ॅक्टा आणि आमची डबलबारी

'युरोपातली पोरं फुकट सिनेमे मिळणार नाहीत म्हणून रस्त्यावर उतरली' असं अ‍ॅक्टाविरोधी आंदोलनाबद्दल कुणीकुणी म्हणतं, ते अर्धंच खरं. अ‍ॅक्टा म्हणजे बनावट माल आणि कॉपीराइटची चोरी रोखण्यासाठीचा आंतरराष्ट्रीय करार. त्यावर युरोपियन महासंघाने जानेवारी २०१२ मध्ये टोकियोत सही केली, पण त्याआधीच्या वाटाघाटी बंद दाराआड चालल्या होत्या. मसुदे फुटले तेव्हा लोकांना कळलं, आणि राग त्याचाच जास्त होता. पोलंडमध्ये तर खासदारांनीच निषेध म्हणून सभागृहात मुखवटे चढवले. ४ जुलै २०१२ ला युरोपियन संसदेने ४७८ विरुद्ध ३९ मतांनी करार फेटाळला. भारत त्यात नव्हताच.

म्हणून आपण सुटलो असं नाही. आमच्या कुडाळ-कणकवली पट्ट्यात गणपतीतली डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना, मोबाइलवर रेकॉर्ड होते आणि सकाळपर्यंत मुंबईच्या चाकरमान्यांकडे पोचते. गजराला, म्हणजे भजनातल्या रंगात येणाऱ्या भागाला, सिनेमाची चाल लावणं ही बुवांची जुनीच रीत. आमच्या वाडीतल्या बारीचा व्हिडिओ त्या चालीपायी साइटच्या कॉपीराइट तपासणाऱ्या यंत्राने नेमका गजर रंगात आला तिथेच मुका केला. पखवाजावर हात पडतायत, बुवा मान वर करून ताणतायत, आवाज गायब! आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये धार्मिक विधीतल्या सादरीकरणाला सूट आहे (अपलोडचं काय, हा वादाचा मुद्दा), पण यंत्राला ते कोण सांगणार?

दशावताराबाबत, म्हणजे आमच्या कोकणातल्या लोकनाट्याबाबत, मात्र मी उलट बाजूला आहे. रात्रभर उभ्या उभ्या संवाद रचणाऱ्या नटाचा त्याच्या सादरीकरणावर कलम ३८ नुसार ५० वर्षं हक्क असतो. त्याला न विचारता अख्खं नाटक साइटवर चढवून जाहिरातीचे पैसे खाणाऱ्याला दणका बसलाच पाहिजे.