अनुभव धागा: डिग्रीनंतर सरकारात ‘पॉलिसी’चं काम कोणी केलंय का?

धागाकर्ती, म्हापसा

माझी भाची टीवायला आहे, बीए इकॉनॉमिक्स. चवथीला सगळे जमलेलो तेव्हा कोणीतरी विचारलं, बाय पुढे काय करणार, तर ही म्हणाली मला सरकारात जायचंय पण पॉलिसीत. दोन मिनिटं कोण काय बोललं नाही आणि मग आमच्या काकांनी विचारलं, म्हणजे एलआयसीत? हसून हसून पुरेवाट झाली, पण रात्री भांडी आवरताना लक्षात आलं की काकांना हसणाऱ्या मला तरी कुठे काय माहितीये. आमच्याकडे सरकारी नोकरी म्हणजे क्लार्क, मास्तर, पोलीस, आणि फारच शिकला तर मामलेदार. शॅक पॉलिसी येते, ईव्ही पॉलिसी येते, पेपरात छापतात की सरकारने धोरण आणलं, पण ते लिहायला कोणीतरी बसलेलं असणार ना, तो माणूस तिथे पोचला कसा?

तर ज्यांनी हे काम केलंय, करतायत, सोडलंय किंवा प्रयत्न करून नाद सोडलाय त्यांनी लिहा. खात्याचं नाव, साहेबांचं नाव नको. क्लासची जाहिरात नको. ‘वशिल्याशिवाय काय होत नाही’ एवढंच लिहायचं असेल तर ते आम्हाला पाठ आहे, त्याच्या पुढचं लिहा.

सुंगट

एलआयसीवाल्या काकांना नमस्कार सांगा, माझ्या आईला आजही वाटतं मी ‘सेक्रेटरीच्या हाताखाली लिहिण्याचं काम’ करतो आणि खरं सांगायचं तर तिचं बरोबर आहे.

मी जेएसओ, म्हणजे ज्युनियर स्केल ऑफिसर, गोवा लोकसेवा आयोगातून थेट आलोय. सीबीआरटी, म्हणजे कॉम्प्युटरवरची भरती परीक्षा, दिली, मग ओरल. पंधरा वर्षं गोव्यात राहिल्याचा दाखला लागतो, कोंकणी यायलाच पाहिजे, मराठी ‘असल्यास बरं’. जाहिरातीत पॉलिसी हा शब्द कुठेही नाही. भाचीला पहिलं हेच सांगा, इथे पॉलिसी ही पोस्ट नाहीये, ती पोस्टिंगवर अवलंबून आहे. एक वर्ष तुम्ही बीडीओ, मग डेप्युटी कलेक्टर, पावसात झाड पडलं, दरड आली की रात्री दोनला फोन, आणि अचानक एक दिवस ऑर्डर निघते आणि तुम्ही पर्वरीला सचिवालयात अवर सचिव, समोर फायलींचा ढीग. त्या खुर्चीवर बसल्यावर पॉलिसी सुरू.

माझी पहिली नोट मी चार पानी लिहिलेली. केरळात काय केलं, सिंगापुरात काय केलं, सगळं. एवढं वाचून मॅडमनी खाली दोन शब्द लिहिले, ‘प्लीज डिस्कस’. गेलो केबिनमधे. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. एक, पैसे कुठल्या बजेट हेडखालून? दोन, मागच्या वेळी फायनान्सने काय ऑब्जेक्शन घेतलेलं ते वाचलंस? मला मागची वेळ होती हेच ठाऊक नव्हतं. रेकॉर्डमधून जुनी फाईल काढली तर हीच आयडिया माझ्या आधी दोनदा वर जाऊन खाली आलेली, एकदा तर १७/एन वर माझंच वाक्य जवळपास तसंच, दुसऱ्या कोणाच्या अक्षरात. (नवीन मुलांसाठी, एन म्हणजे नोटिंगची पानं, सी म्हणजे पत्रव्यवहाराची. आता ई-ऑफिस आलं पण माणसं अजून तशीच बोलतात.) तिसऱ्या खेपेला मी सिंगापूर उडवलं, फायनान्सच्या जुन्या ऑब्जेक्शनला आधीच उत्तर दिलं, दीड पानात आवरलं, आणि फाईल पुढे गेली. मग लॉ डिपार्टमेंट, मग कॅबिनेट नोट, मग गुरुवारी गॅझेट. गॅझेटमधे माझं नाव कुठेच नाही, असणारही नाही. तो अंक मात्र मी घरी आणून ठेवलाय, बायको दर दिवाळीला रद्दीत घालू बघते.

आणि एलएक्यू, म्हणजे आमदारांनी विधानसभेत सरकारला विचारलेले प्रश्न. विधानसभेचं सेशन लागलं की लग्नाची बोलणी, बारसं, सगळं पुढे ढकला. तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा, प्रश्न आला की उत्तर, त्याची ॲनेक्शर (सोबत जोडायचा तक्ता), वर पुरवणी प्रश्न काय येतील त्याची वेगळी तयारी, आणि त्या दिवशी ऑफिसर्स गॅलरीत बसून चिठ्ठी खाली पाठवायची. चाळीस आमदारांचं सभागृह, दिसायला छोटं. पण प्रश्न विचारणारा आमदार तुमच्याच गावचा असतो आणि रविवारी देवळात भेटतो, म्हणतो काय रे उत्तर गोल गोल दिलंस.

काणकोणची

दहा वर्षं मी दुसऱ्या बाजूने बघितलंय. चार अटेम्प्ट यूपीएससी, मराठी साहित्य ऑप्शनल. घरात कोंकणी, पेपर मराठीत, कोचिंगच्या नोट्स इंग्लिशमधे, डोक्याची खिचडी. पणजीत पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत सकाळी जागा धरायला पहिल्या बसने यायची मी, काणकोणहून म्हणजे किती वाजता उठायचं ते हिशेब करा. दोनदा मेन्सला बसले. तिसऱ्यांदा सीसॅटमधे, म्हणजे प्रिलिम्सच्या दुसऱ्या पेपरात, गेले, तिथे फक्त ३३ टक्के लागतात आणि मी त्या पेपरकडे सहा महिने बघितलंही नव्हतं कारण ‘क्वालिफायिंगच तर आहे’. चौथ्या वेळी अभ्यास होता, मन नव्हतं.

आणि हे पण सांगते, ते झालं असतं तरी गोव्यात आले असते याची काय गॅरंटी नव्हती, इथले आयएएस एजीएमयूटी (अरुणाचल, गोवा, मिझोराम आणि केंद्रशासित प्रदेश) केडरचे, आज पणजी उद्या इटानगर. ज्यांना ‘गोव्यासाठी’ काम करायचंय त्यांनी हे आधी बघा, मी तिसऱ्या वर्षी बघितलं.

आता एका बँकेत आहे. वाईट वाटतं का? गुरुवारी नाही, रविवारी वाटतं.

खतखतें

साहेब लोकांचं वाचलं. आता आमचं ऐका, आम्ही डीलिंग हँड, म्हणजे फाईल हाताळणारे क्लार्क.

मी बीकॉम, पेडण्याचा, एलडीसी (कनिष्ठ क्लार्क) म्हणून लागलो तेव्हा स्टाफ सिलेक्शन कमिशन वगैरे काय नव्हतं, आता आहे, परीक्षा कॉम्प्युटरवर होते, बरं झालं. आज यूडीसी (वरिष्ठ क्लार्क) आहे. अवर सचिव दोन वर्षांनी बदलतो, मी त्याच टेबलावर नऊ वर्षं आहे, त्यामुळे ‘मागच्या वेळी काय झालेलं’ हे सुंगट साहेबांना रेकॉर्डमधून शोधावं लागलं असेल पण ते जिथून मिळालं तिथे माझ्यासारखा कोणीतरी बसलेला असणार. रागावू नका हां साहेब.

एक किस्सा लिहितो, लांब आहे. आमच्याकडे घरदुरुस्तीला मदत देणारी एक स्कीम आली. गाईडलाईनचा ड्राफ्ट माझ्याकडेच आलेला टाईप करायला, आणि त्यात एक ओळ होती, अर्जदाराने घराच्या मालकीचा पुरावा जोडावा. साधी ओळ. दुसऱ्या राज्याच्या स्कीमवरून उचललेली, तिथे चालत असेल. मी टाईप केली. मी स्वतः मुंडकाराचा (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचा) नातू, आमचं घर भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत, फॉर्म १ आणि १४ वर, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावर, भाटकाराचं नाव, मुंडकार कायदा १९७५ सालचा असून आमची केस आजोबांनी लावली ती बाबांनी चालवली आणि अजून मामलेदाराकडे तारीख पडते. आणि तरी माझी बोटं थांबली नाहीत. साहेबांनी लिहिलंय म्हणजे विचार करून लिहिलं असेल.

वर्षभराने एक एलएक्यू आला, तालुकावार किती अर्ज आले, किती फेटाळले, कारणासकट. ती ॲनेक्शर मी केली. एक्सेलमधे कारणाचा कॉलम लावला आणि खाली ओढत गेलो, ‘मालकीचा पुरावा नाही’, ‘मालकीचा पुरावा नाही’, पेडणे, डिचोली, सत्तरी, सांगे, पानंच्या पानं. ज्यांचं घर पडायला आलंय तेच सगळे बाहेर. त्या रात्री अकराला ऑफिसमधे आम्ही तिघं, भाजीपाव खात, मी नव्या मॅडमना म्हटलं मॅडम ही ओळ मी टाईप केलीय. त्यांनी विचारलं मग तेव्हा का नाही बोललास. मी म्हटलं मला कोणी विचारलं नाही. त्या म्हणाल्या आता विचारते, काय पाहिजे तिथे?

मी सांगितलं, पंचायतीची घरपट्टीची पावती आणि रेशनकार्ड. वीजबिल पण नको, कित्येकांचं मीटर अजून भाटकाराच्या नावावर आहे.

नोट मॅडमनी लिहायला सांगितली ती मीच लिहिली, माझी पहिली खरी नोट. सात ओळी.

बंद दार

खतखतेंचं वाचून अंगावर काटा आला. माझं थोडक्यात. स्टॅटिस्टिक्समधे फील्डवर आहे, एमएससी. पॉलिसीवाले जो आकडा ‘सर्वेनुसार’ म्हणून लिहितात तो मी उन्हातून घरोघर फिरून आणते. दर चौथं-पाचवं दार बंद, कोण आखातात, कोण लंडनला, शेजारीण सांगते डिसेंबरात या. मग पर्वरीहून फोन येतो, तालुकावार द्या. अहो राज्यच १४ लाख ५८ हजारांचं (२०११ चं सांगतेय), त्यातला सॅम्पल केवढा, तालुकावार तोडला तर काणकोणात पंचवीस घरं उरतात, त्यावर काय सांगू? हे ‘सांगता येत नाही’ असं लिहायला मी शिकले, ते मान्य करून घ्यायला अजून शिकतेय. भाचीचं इकॉनॉमिक्स आहे तर या बाजूला पण बघू दे.

स्विंडनचा

इथे इंग्लंडात, स्विंडनला, आमच्यासारखे गोंयकार इतके आहेत की बसमधे कोंकणीतून शिव्या द्यायची सोय नाही. माझे आजोबा १९६१ आधीचे, म्हणजे पोर्तुगीज काळातले, त्यावरून पोर्तुगीज नॅशनॅलिटी, ब्रेक्झिटची मुदत, म्हणजे २०२० संपायच्या आत पोचलो म्हणून सेटल्ड स्टेटस, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी. पहिली तीन वर्षं वेअरहाऊस.

भाची म्हणते तसली ‘पॉलिसीची नोकरी’ या नावाने खरोखर असते ती इथे. सिव्हिल सर्व्हिसची फास्ट स्ट्रीम म्हणून ग्रॅज्युएट स्कीम आहे, त्यात पॉलिसीसाठी वेगळा मार्ग. मी दोनदा भरली, दोन्ही वेळा ऑनलाईन टेस्टलाच बाहेर. मग एका सहकाऱ्याने सांगितलं अरे सरळ साध्या जागेला अर्ज कर. तो केला. अर्जावरचं नाव काढून टाकतात, कॉलेज बघत नाहीत, पण अडीचशे शब्दांत लिहायचं की तू अमुक प्रसंगी काय केलंस. मी पहिल्यांदा लिहिलं ‘आम्ही केलं’, ‘टीमने केलं’. आपल्याकडे ‘मी केलं’ म्हटलं की आगाऊपणा वाटतो ना. शून्य मार्क. दुसऱ्यांदा वेअरहाऊसमधे शिफ्टचं वेळापत्रक मी कसं बदललं ते लिहिलं, मी मी मी, आणि लागलो. खालच्या ग्रेडला, दोन वर्षांनी पॉलिसीत.

काम काय? मंत्र्याला जाणारं सबमिशन. दोन पानं, पहिल्या ओळीत शिफारस, मग कारण, मग खर्च. सुंगटच्या मॅडमनी विचारले तेच दोन प्रश्न इथेही विचारतात, फक्त ‘प्लीज डिस्कस’च्या जागी ट्रॅक चेंजेसमधे लाल रंग.

एकच गोष्ट मनात घट्ट धरा. नॅशनॅलिटी घेतली की परत येऊन गोवा सरकारात नोकरीचा दरवाजा बंद, ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) सरकारी पद मिळत नाही. विमानतळावर हे कोण सांगत नाही.

जुनी आमसुलं

निवृत्त आहे, मुलगा टाईप करून देतो आहे. मी लागलो तेव्हा गोवा-दमण-दीव केंद्रशासित होतं, सचिवालय पणजीला आदिलशहा पॅलेसमध्ये, खिडकीतून मांडवी. १९८६ च्या पावसात मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला तेव्हा पलीकडच्या बेतीहून फेरीने जायचो, फायलींचा गठ्ठा मांडीवर, वर रेनकोट, अंगावर काही नाही. ३० मे १९८७ ला राज्य झालं तरी जुनी लेटरहेड शिल्लक होती, ती फेकायची नाहीत म्हणून दमण-दीववर पेनाने रेघ मारायचं काम ज्युनियर म्हणून माझ्याकडे. शेकडो रेघा मारल्या. मला विचाराल तर माझं राज्यनिर्मितीतलं योगदान तेवढंच.

खतखतें यांना सांगावंसं वाटतं की आमच्या वेळीही टायपिस्टला कोणी विचारत नसे. स्टेन्सिल कापणारा मात्र चुका सुधारून टाकायचा, न विचारता. तेही बरं नव्हे म्हणा.

लॅम्पवाला

दिल्लीत अकरा महिने एका खासदाराबरोबर, लॅम्प (खासदारांचे संशोधन-सहाय्यक) फेलोशिप, ग्रॅज्युएशननंतर लगेच. सरकारात नव्हे, संसदेच्या बाजूने. प्रश्न तयार करणं, झीरो अवरला काय मांडायचं, बिल आलं की रात्रीत वाचून दोन पानांत सांगणं. स्पीड शिकायला उत्तम. पण प्रश्न विचारणं सोपं हे मला इथला एलएक्यूचा किस्सा वाचून आत्ता कळलं, आम्ही ‘जिल्हावार माहिती द्या’ बिनधास्त लिहायचो.

धागाकर्ती, म्हापसा

सगळ्यांचे आभार, भाचीने दोनदा वाचलं. तिचा एकच प्रश्न आहे, खतखतेंना. त्या सात ओळींचं पुढे काय झालं?

खतखतें

पास झाल्या. फायनान्सने फक्त ‘रेशनकार्ड’पुढे ‘पाच वर्षांपूर्वीचं’ घातलं. सर्क्युलर निघालं, पंचायतींना पोचायला चवथ उजाडली. आमच्या वाड्यावरच्या एका म्हाताऱ्या काकीचा अर्ज आधी फेटाळलेला, मी स्वतः जाऊन सांगितलं परत भर. ती म्हणाली, पुता, दोनदा भरलाय आता कशाला, कौलं यंदा भाच्याने घातली. तरी तिचा फॉर्म मी भरून ठेवलाय, सही राहिलीय, शिगम्याला गावी जाईन तेव्हा घेईन.