एका पीजेला १० रुपये दंड लावलाय, सवय सोडू की भरत राहू?

कळवा_मला
मंडळी जरा सल्ला हवाय. आमचा शाळेपासूनचा सहा जणांचा ग्रुप आहे, शनिवारी संध्याकाळी ठाण्यात तलावपाळीला बसतो, चहा आणि गप्पा, आणि मला पांचट पीजे, म्हणजे फालतू शाब्दिक जोक, मारायची सवय आहे, सवय कसली आजारच म्हणा. राहतो कळव्याला, त्यामुळे कोणी साधं 'घरी पोचलास की कळव' म्हणालं की माझ्या तोंडून 'कळवा तर माझं घरच आहे' निघून जातं, मी मुद्दाम नाही करत (करतो). तर गेल्या महिन्यात या लोकांनी ठराव पास केला, एका पीजेला १० रुपये, आणि हिशोब ठेवणारा बँकेत कामाला असल्यामुळे सूट वगैरे काही नाही. ३४० भरून झाले. त्या पैशातून सगळे मामलेदारची मिसळ खायला गेले, मलाही नेलं, तिथे मी फक्त एवढंच म्हटलं की माझे पैसे तुम्ही छान मिसळले, तर तिथल्या तिथे ३५०.

पण खरा राडा घरी झाला. मंगळवारी ठाण्यातल्याच नौपाड्यात एका मित्राच्या दुकानात अडकलो आणि आईला मेसेज टाकला, 'ठाण्यात बसवून ठेवलंय, तू जेवून घे'. मला वाटलं हसेल. तिने शेजारच्या काकांना उठवलं, काकांनी बनियनवर शर्ट चढवला, आणि दोघं रिक्षात बसून कुठलं ठाणं कुठलं ठाणं करत निघाले, फोन मी बघितला अर्ध्या तासाने. दोन दिवस घरात माझ्याशी फक्त 'ताट घे' एवढंच बोलणं होतं.

तर सोडू का? आणि सोडायचं नसेल तर जरा बरे पीजे द्या, पैसे जाणारच आहेत तर चांगल्या मालावर जाऊ देत.

माजलेला_वडा
सोडू नको भावा. असा कोणता वडा जो तळता येत नाही? माजिवडा.

दुसरा घे, हा जरा गणिताचा आहे. नौपाड्यातून पाचपाखाडी वजा केली तर काय उरतं? चरई. (नऊ वजा पाच चार, समजावून सांगायला लागलं तर तुझे मित्र ठाण्याचे नाहीत.)

आणि इतिहासाचा पण आहे. १६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी बोरीबंदरहून निघाली ती ३४ किलोमीटर येऊन ठाण्यालाच का थांबली? कारण पुढे रूळच नव्हते. हा सांगताना चेहरा एकदम गंभीर ठेव, लोकांना वाटतं काहीतरी माहिती मिळणार आहे.

खैरणे_यायचंय
वरच्यांनी चेहऱ्याचं सांगितलं तेच सगळ्यात महत्त्वाचं. आपण आधी हसलो की पीजे मेला. आणि समजावायचं तर अजिबातच नाही, टाकायचा आणि खिडकीबाहेर बघायचं.

माझा सांगते. ठाणे-वाशी लोकल, लेडीज डबा, संध्याकाळची गर्दी, रबाळे गेलं, पुढे घणसोली आणि मग कोपरखैरणे, आणि मागच्या मुलीचा हात माझ्या बरगडीत बसला. ती बिचारी म्हणाली, 'सॉरी ताई, कोपर लागलं का?' मी म्हटलं 'हो, कोपर लागलं, खैरणे अजून यायचंय'. दोन सेकंद कोणी काही बोललं नाही. समोर एक काकू मांडीवर पिशवी घेऊन मटार सोलत होत्या, त्यांचा हात थांबला, मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, 'तू घणसोलीलाच उतर बाई'. मग अख्खा कोपरा हसला. माझ्या जोकला नाही, काकूंना. पण माझ्याशिवाय काकूंना चान्स मिळाला असता का?

म्हणजे बघ, पीजेला कोणी हसत नसतं, समोरचा 'आई गंऽऽ' करून कपाळावर हात मारतो ना तीच आपली दाद. तुझे मित्र उठून दंड मोजतात म्हणजे ते दादच देतायत, फक्त पावती फाडून.

एक मात्र, फॉरवर्ड आलेला पीजे मारू नकोस. समोरच्याच्या वाक्यातून उचललेला पाहिजे. फॉरवर्डवाल्याला मी असते तर ५० लावले असते.

जुना_मास्तर
तीस वर्षं मराठी शिकवलं, त्यामुळे राहवत नाही. तुम्ही ज्याला पांचट म्हणता त्याला आम्ही फळ्यावर श्लेष लिहायचो आणि त्याला मार्क होते. मेघ सर्वांना जीवन देतो, जीवन म्हणजे पाणी आणि जीवन म्हणजे आयुष्य, हे पोरं पाठ करायची, हसायचं कोणी नाही. 'जीवन'च्या जागी 'पाणी' घातलंत की मजा गेली, म्हणून तो शब्दश्लेष. शब्द तोडून दुसरा अर्थ निघाला तर सभंग श्लेष. मित्रांनी येऊरला बोलावलं आणि तुम्ही 'येऊ र' म्हणालात की तो सभंग, बिनधास्त मारा, व्याकरण पाठीशी आहे.

ठाण्याच्या बाबतीत मात्र गंमत आहे. शिलाहारांच्या काळात या गावाचं नाव स्थानक, श्रीस्थानक. पोलीस ठाण्यातलं ठाणंही त्याच 'स्थान'मधून आलेलं. म्हणजे मूळ शब्द एकच, तुम्ही आईला तसं खोटं काही लिहिलं नव्हतं. हे आईंना सांगायला जाऊ नका.

सान_पण_महान
मी जरा उलट बोलतो, राग मानू नका. माझी उंची पाच फूट एक इंच, राहतो सानपाड्याला. सान म्हणजे लहान. आता ऑफिसमध्ये हा जोक मी किती वेळा ऐकला असेल विचार करा, पहिल्यांदा मीही हसलो होतो, चांगला होता. नंतर एक साहेब रोज सकाळी लिफ्टमध्ये तोच मारायला लागले, जणू हजेरीच. स्टेशनच्या नावावर, मिसळीवर, कशावरही मारा, पण माणसाच्या अंगावरचं घेऊन रोज रोज नाही. आणि तोच पीजे दुसऱ्यांदा मारला तर दंड डबल करा, हे तुमच्या त्या बँकवाल्याला सांगा.

कळवा_मला
@सान_पण_महान खरं सांगू, तुमची आयडी वाचून माझ्या डोक्यात एक आला होता, गिळला. आणि डबलचा नियम मी त्यांना सांगणार नाहीये, वेडा आहे का मी.

मास्तर, आईला सांगितलं. म्हणाली स्थान-बिन ठेव बाजूला, आधी काकांच्या रिक्षाचे ८० रुपये दे.

माजलेला_वडा
शनिवारचं काय झालं ते सांग.

कळवा_मला
तर शनिवार. ताईंनी सांगितलं तसं केलं, तासभर एक शब्द नाही, सगळे माझ्याकडे संशयाने बघतायत, एकाने विचारलं पण तब्येत बरी आहे ना. मग विषय निघाला घर भाड्याने बघायचा, कोणीतरी म्हणालं नौपाडा महाग पडतो, पाचपाखाडीत बघू. मी पाण्याकडे बघत हळूच म्हटलं, 'वजाबाकी केलीस तर चरईत मिळेल'. शांतता. एक जण बोटांवर मोजत होता. मग बँकवाला उठला, कठड्यापर्यंत चालत गेला, तिथे पाठ करून उभा राहिला, खांदे हलत होते पण तोंड दाखवलं नाही. परत येऊन वहीत लिहिलं, १०.

रात्री साडेअकराला त्याचाच मेसेज. तो दिव्याला राहतो. 'घरी पोचलो. लाईट गेलीय, पण दिवा आहे.'

मी काही उत्तर दिलं नाही. पाच मिनिटांनी ग्रुपवर स्क्रीनशॉट आला, त्याने स्वतःच फंडात १० रुपये भरले होते.