बादली
आपल्यामागे काही ठेवून जायचं तर घर, जमीन किंवा निदान नाव तरी लागतं, असं म्हणतात. नाही पटलं.

वडिलांच्या उपचारांसाठी आम्ही परळला ये-जा करत होतो, तेव्हा दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलो. पहिल्याच दिवशी गावी परत निघालेल्या एका बाईंनी हाक मारली, "दादा, बादली आणलीय का?" नव्हती आणली. त्यांनी आपली निळी बादली पुढे केली. कडी तुटलेली, तिच्या जागी परकराची नाडी दुहेरी करून बांधलेली. आत वहीचा एक कागद होता: रक्त द्यायला किती वाजता रांगेत उभं राहायचं, कुठल्या मेडिकलवाल्याकडे सुटे मिळतात, केमोनंतर पेज पातळच करा. ही बादली त्यांनाही आधीच्या कुणाकडून तरी मिळाली होती म्हणे. गडबडीत मी त्यांचं नावसुद्धा विचारलं नाही, ते अजून खटकतं.

गाडगेबाबा १९५६ साली गेले. पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा बांधल्या, पण स्वतःजवळ काय, तर गाडगं, काठी आणि चिंध्यांचे कपडे. दादरची इमारत तर त्यांच्या पश्चात उभी राहिली.

आम्ही निघालो तेव्हा लातूरकडचं एक जोडपं नुकतंच आलं होतं. आईने बादली घासून दिली. नाडी झिजली होती म्हणून मी नायलॉनची दोरी बांधली आणि कागदावर खाली एक ओळ वाढवली: सकाळी सहाच्या आधी पाण्याला गर्दी नसते.